कुजलेल्या लाकडी खिडक्यांसाठी इपॉक्सीचा संच: दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

हा संच मी घरातल्या चार खिडक्यांवर वापरला. तीन खिडक्या दोन पावसाळे काढून आजही ठणठणीत आहेत. चौथीतलं भरण पहिल्याच पावसाळ्यात सुटलं आणि अख्खं, एका तुकड्यात, माझ्या हातात आलं. संच तोच, हात तेच, लाकूडही एकाच जातीचं. मग फरक कुठे पडला ते शोधण्यात माझा बराच वेळ गेला. तुमचा तेवढा जाऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहिते.

संचाचं नाव देत नाही, कारण या पद्धतीचे संच बऱ्याच कंपन्यांचे मिळतात आणि आतला माल थोड्याफार फरकाने सारखाच असतो. एक पातळ इपॉक्सी, जे कुजून भुसभुशीत झालेल्या लाकडात मुरतं आणि त्याला आतून घट्ट करतं. दुसरं दाट, कुंभाराच्या मातीसारखं, ज्याने खड्डा भरून काढायचा. दोन्हींचे दोन-दोन भाग, राळ आणि हार्डनर, आयत्या वेळी मिसळायचे. माझ्या संचात दोन बाटल्या, दोन डबे, प्लास्टिकचं एक पातं, हातमोज्यांची एक जोडी आणि चार घड्यांचं माहितीपत्रक होतं.

आधी खिडक्यांविषयी सांगते. त्या माझ्यापेक्षा वयाने मोठ्या आहेत. प्रत्येकीला दोन झडपा, प्रत्येक झडपेत तीन तावदानं. बाबा दर तीन-चार वर्षांनी त्या खरवडून रंगवायचे. पुढे त्यांच्या गुडघ्यांनी शिडी चढायचं नाकारलं आणि खिडक्यांकडे कुणी पाहिलंच नाही. बाहेरून रंग बरा दिसत होता, म्हणून मीही निश्चिंत होते. एके दिवशी बाबा खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "अगं, रंग काय बघतेस, टोचून बघ." मी झडपेच्या खालच्या आडव्या पट्टीला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावलं, आणि जोर न लावता ते दोन सेंटिमीटर आत गेलं. वर रंगाचा पापुद्रा शाबूत, आणि आत ओला भुसा.

दोन कारागिरांना बोलावलं. दोघांनीही खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या बसवायला सांगितलं. बाबांना ते पटलं नाही, मलाही नाही. जुन्या लाकडी खिडकीचा प्रत्येक भाग सुटा होतो. तावदान फुटलं तर तावदान बदलायचं, पट्टी कुजली तर पट्टी बदलायची, बिजागरी झिजली तर बिजागरी. आमच्या खिडक्यांचं लाकूड जुन्या झाडाच्या गाभ्याचं, दाट रेषांचं आहे. कुजलेला भाग सगळ्या लाकडाच्या मानाने ओंजळभर होता. ओंजळभरासाठी उरलेलं सगळं फेकून द्यायचं मनाला येईना.

संच वापरायला घेण्याआधी लाकूड कुजलं का, हे समजून घेणं मला महत्त्वाचं वाटतं. माहितीपत्रकात त्याबद्दल अवाक्षर नाही. लाकूड कुजवते ती बुरशी, आणि तिला ओल लागते. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली की तिची वाढ होत नाही. साधारण २८ ते ३० टक्क्यांना लाकडाचे तंतू पाण्याने तुडुंब भरतात आणि त्याच्या आसपास बुरशीचं चांगलंच फावतं. पाणी सगळ्यांत झपाट्याने शिरतं ते लाकडाच्या कापलेल्या टोकातून, कारण तिथे सगळ्या नळ्यांची तोंडं उघडी असतात. म्हणून खिडकी कुजते ती जवळजवळ नेहमी खालच्या कोपऱ्यांत, जिथे उभ्या पट्टीचं टोक खाली येतं आणि आडव्या पट्टीचं कुसू, म्हणजे टोकाला काढलेली जीभ, तिच्या खाचेत बसतं.

आमच्याकडे याच्या जोडीला आणखी एक कारण निघालं, आणि ते सापडल्यावर मला अगदी वाईट वाटलं. चौकटीचं खालचं लाकूड भिंतीच्या बाहेर थोडं पुढे येतं. त्याच्या पोटाला, म्हणजे खालच्या अंगाला, एक बारीक खोबण मारलेली असते. पावसाचं पाणी लाकडाच्या कडेवरून खाली येतं, पोटाला चिकटून भिंतीकडे सरकू पाहतं, आणि या खोबणीपाशी येऊन थेंब होऊन गळून पडतं. वर्षानुवर्षं रंगाचे थर चढून आमच्या चारही खिडक्यांच्या खोबणी बुजल्या होत्या. ज्या रंगाने लाकडाचं रक्षण करायचं, त्यानेच पाण्याची वाट वळवली होती. मी अरुंद पटाशीने एकेक खोबण मोकळी केली, तेव्हा आतून रंगाची सलग लांब वळी निघाली. तिच्या कापलेल्या कडेला हिरवा, पांढरा, पिवळा, पुन्हा पांढरा असे थर मोजता येत होते. पिवळा मला आठवतो. मी शाळेत असताना बाबांनी तो दिला होता.

तेव्हा संच घ्यायच्या आधी खिडकीच्या खाली वाकून बोट फिरवा. खोबण हाताला लागते का बघा. ती बुजलेली असेल किंवा नसेलच, तर जगातलं सर्वांत उत्तम भरणही तिथे टिकणार नाही.

आता रंग काढण्याबद्दल. माहितीपत्रक म्हणतं, "जुना रंग काढून टाकावा." बस्स, एवढंच. जुन्या घरातल्या जुन्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता असते. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. भारतात ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. त्याआधीचे थर तुमच्या खिडकीवर असतील, तर ते कोरडे घासू नका, पॉलिश पेपरच्या यंत्राने तर मुळीच नाही. ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला इजा करते, आणि शिशाची कुठलीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी पाण्याचा फवारा मारून, ओला ठेवूनच रंग खरवडला. खाली प्लास्टिकचा कागद, तोंडावर बारीक धूळ अडवणारा मास्क, आणि कामाचे कपडे वेगळे धुतले. भाच्यांना तेवढे दिवस त्या खोलीत येऊ दिलं नाही. हीट गन वापरायची तर कमी तापमानावरच, आणि काचेपासून दूर. एका बाजूने तापलेली काच तडकायला वेळ लागत नाही.

खरवडायला मी कार्बाइडच्या पात्याची, आपल्याकडे ओढून चालवायची खरवडणी घेतली. ती संचात येत नाही, वेगळी घ्यावी लागते. साध्या पोलादी पात्याला मी दर दहा मिनिटांनी कानस मारत होते. या पात्याने दोन अख्ख्या झडपा झाल्या तरी धार गेली नाही.

मग सुकवणं. या अभिप्रायातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

माहितीपत्रकात तिसऱ्या घडीवर, बारीक अक्षरात, एक ओळ आहे: "लाकूड कोरडं असावं." कोरडं म्हणजे किती, ते कसं कळणार, किती दिवस लागतात, याबद्दल काहीही नाही. मी दोन सुयांचं, लाकडातली ओल टक्क्यांत दाखवणारं मॉइश्चर मीटर आणलं. पहिल्या झडपेच्या कुजक्या भागात त्याने ३१ दाखवले. भुसभुशीत झालेलं सगळं मी पटाशीने कोरून काढलं, झडप बिजागऱ्यांवरून उतरवली आणि माळ्यावर, वारा लागेल पण ऊन लागणार नाही अशा जागी, दोन ठोकळ्यांवर आडवी ठेवली. उन्हात ठेवली असती तर लवकर सुकली असती, पण वरचं अंग सुकून आतलं ओलं राहिलं की भेगा पडतात. दर रविवारी आकडा पाहायचे आणि तो झडपेच्या कडेलाच पेन्सिलने लिहायचे. ३१, २७, २३, २०, १८, १६. सहाव्या रविवारी भरायला घेतली.

दुसरी आणि तिसरी खिडकी अशीच, सवडीने झाली. चौथीच्या वेळेला आभाळ भरून यायला लागलं होतं. झडपा उतरवलेल्या, खिडकीच्या जागी प्लायवूड ठोकलेला, घरात अंधार. तिसऱ्याच आठवड्यात मीटरने १७ दाखवले आणि मला हायसं वाटलं. बाबा म्हणाले, "थांब अजून आठवडाभर." मी म्हटलं, "बाबा, आकडा आलाय, तुम्हीच बघा." आकडा खरा होता, पण तो वरच्या आठ-दहा मिलिमीटरचा होता. मीटरच्या सुया तेवढ्याच आत जातात.

पावसाळा सरता सरता त्या झडपेच्या कोपऱ्यात रंगाला केसाएवढी भेग दिसली. नंतर तिच्याशेजारी नखाएवढा फुगा आला. मी पातं घालून हलकेच उचललं, आणि मुठीएवढं भरण सबंध निघून आलं. ते हातात घेऊन मी बराच वेळ पाहत होते. इपॉक्सीला काहीही झालं नव्हतं. दगडासारखं टणक, माझ्या बोटाने दाबून दिलेला आकारसुद्धा तसाच. पण त्याच्या पाठीला, सगळीकडे, तपकिरी लाकडाचा पातळ थर चिकटून आला होता, आणि त्या थराला बारीक चौकोनी भेगा होत्या. तपकिरी कुजीची खूण हीच, लाकूड लहान लहान चौकोनांत तडकतं. म्हणजे इपॉक्सीने लाकूड सोडलं नव्हतं. त्याच्यामागचं लाकूडच कुजत राहिलं होतं. आतली ओल मी बाहेरून शिक्कामोर्तब करून कोंडली होती.

पुढे एका जुन्या जाणत्या सुताराने युक्ती सांगितली. जिथे मोजायचं तिथे दोन बारीक खिळे, मीटरच्या सुयांएवढं अंतर ठेवून, खोलवर ठोकायचे आणि सुया खिळ्यांच्या डोक्यांना टेकवायच्या. खिळ्याच्या लांबीत सर्वांत जास्त ओल जिथे असेल, साधारण तिथला आकडा मिळतो. त्याच झडपेच्या दुसऱ्या कोपऱ्यात असं मोजलं. वर १७ दाखवणारं लाकूड आत २६ निघालं.

मिसळणं आणि भरणं याबद्दल संचाचं मी मनापासून कौतुक करेन. माझ्या संचात दोन्ही भाग सम प्रमाणात घ्यायचे होते, वजनाने नाही, मापाने. काही संचांत प्रमाण दोनास एक असतं, तेव्हा आपल्या डब्यावरचं नीट वाचा. लवकर घट्ट व्हावं म्हणून हार्डनर जास्त घालू नका. जास्तीचं हार्डनर तसंच उरतं आणि भरण मऊ राहतं.

पातळ इपॉक्सी मी रंगाच्या जुन्या ब्रशने, कडेच्या उघड्या तोंडांतून, लाकूड पिईल तेवढं पाजलं. पहिल्यांदा ते क्षणात नाहीसं होतं. तिसऱ्या-चौथ्या वेळेला वर चकाकी राहायला लागते, म्हणजे पोट भरलं. एकदा उन्हाच्या दुपारी मी एका उभ्या पेल्यात भरपूर मिसळून घेतलं. दहा-बारा मिनिटांत पेला हातात धरवेना, मग त्यातून धूर यायला लागला आणि प्लास्टिक वाकलं. राळ आणि हार्डनर यांच्या संयोगात उष्णता निघते, आणि माल एकत्र खोल साठलेला असला की ती बाहेर पडू शकत नाही. उष्णतेने संयोग आणखी वेगाने होतो आणि आणखी उष्णता निघते. मी पेला उचलून अंगणातल्या मातीत ठेवला, काही बिघडलं नाही, पण घाबरले. त्यानंतर थोडं थोडंच मिसळलं आणि पसरट ताटलीत ओतून घेतलं. ताटलीत तेच मिश्रण दुप्पट वेळ चालतं. सकाळच्या थंड वेळेला काम केलं तर आणखी.

दाट भरण बाकी फार गुणाचं आहे. पातळ थर चिकट असतानाच ते दाबून बसवायचं, पात्याला थोडं पाणी लावून आकार द्यायचा, आणि मूळ कडेपेक्षा किंचित वर ठेवायचं. दुसऱ्या दिवशी मी त्यावर रंधा मारला तेव्हा कुरळे, मऊ, फिकट छिलके निघाले, अगदी लाकडाचे निघावेत तसे. पटाशी चालते, कानस चालते, स्क्रू धरतो. गाडीच्या पत्र्यावरचे पोचे भरायची लांबी (पुट्टी) मी पूर्वी एका दारावर वापरून पाहिली होती. ती टणक बसली, पण लाकूड फुगलं-आकसलं की तिची कड सुटली आणि त्या फटीत पाणी उभं राहिलं. भुसा आणि सरस कालवून भरलेलं बाहेरच्या अंगाला टिकतच नाही. या संचाचं भरण तीन खिडक्यांत, पावसाच्या तोंडाशी असलेल्या बाजूलाही, कडेने तसूभर सुटलेलं नाही.

दोन पथ्यं मात्र पाळावी लागतात. भरणाच्या कडा कागदासारख्या पातळ करत नेऊ नका. पटाशीने खड्ड्याची कड सरळ तोडून घ्या, म्हणजे भरणाला जाडी मिळते. आणि इपॉक्सी उन्हात उघडं ठेवू नका, ऊन त्याला खातं. मी आठ दिवस पूर्ण पिकू दिलं, वर आलेला मेणचट थर साध्या पाण्याने पुसून काढला आणि मगच प्रायमर दिला. तो थर तसाच राहिला तर रंग धरत नाही. हेही माहितीपत्रकात नाही.

हातमोज्यांची एक जोडी चार खिडक्यांना पुरत नाही. नायट्रिलच्या मोज्यांचं खोकं वेगळं घ्या. हार्डनर कातडीला पुन्हा पुन्हा लागत राहिलं की कायमची ॲलर्जी जडू शकते, आणि एकदा जडली की आयुष्यात इपॉक्सीजवळ जाता येत नाही. अर्धवट पिकलेलं भरण घासलं तर त्याची धूळही तेच करते. संचात आणखी एक वस्तू असायला हवी होती: बोरॉनच्या कांड्या. पेन्सिलच्या तुकड्याएवढ्या, काचेसारख्या दिसणाऱ्या या कांड्या सांध्याजवळ भोक पाडून आत ठेवायच्या आणि भोक बुजवायचं. लाकूड कोरडं आहे तोवर त्या तशाच पडून राहतात. ओल आली की विरघळतात आणि बुरशीला मारतात. मी त्या नंतर मागवून चारही खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत घातल्या.

भरणाचं काम झालं तरी खिडकी पूर्ण होत नाही, कारण तावदानं बसवायची राहतात. इथे मी संचाबाहेरची एक जुनी वस्तू वापरली, आणि तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ती म्हणजे लुकण. खडूची बारीक पूड आणि जवसाचं तेल, एवढ्या दोनच गोष्टी. तयार डबा मिळतो. मी त्यातला गोळा घेऊन तळहातावर मळत बसायचे, हाताच्या उबेने तो हळूहळू सैल होतो आणि बोटांना चिकटायचा थांबतो. तेव्हा तो तयार.

काचेच्या खाचेला आधी प्रायमर किंवा तेलाचा हात द्यायलाच हवा. कोरडं लाकूड लुकणातलं तेल शोषून घेतं आणि उरलेला खडू दोन वर्षांत भेगाळून गळून पडतो. मग खाचेत लुकणाची पातळ वळी, तिच्यावर काच दाबून बसवायची, बिनडोक्याचे चुके काचेला चपटे लागतील असे मारायचे, आणि बाहेरून लुकणाचा उतार ओढायचा. हा उतार पात्याच्या एकाच ओढीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आला पाहिजे. पहिल्या तावदानाला माझ्या नऊ ओढी झाल्या. सतराव्या तावदानाला बाबांनी चष्मा वर करून जवळून पाहिलं आणि काही न बोलता बोटाने ठीक म्हणून खूण केली.

लुकणावर साय धरायला दोन-तीन आठवडे लागतात, मगच तेलरंग. रंगाची कड काचेवर दोनेक मिलिमीटर येऊ द्या, म्हणजे लुकण आणि काच यांच्यामधली फट झाकली जाते. ही रेघ पुसून स्वच्छ करायचा मोह होतो, तो आवरा. सिलिकॉनने हे सगळं एका दुपारी होतं, हे खरं. पण सिलिकॉनवर रंग बसत नाही, आणि पुढच्या माणसाला ती काच न फोडता काढणं फार अवघड जातं. जवसाचं तेल लागलेल्या चिंध्या मात्र बोळा करून टाकू नका. तेल हवेशी संयोग पावताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. त्या पाण्यात बुडवा किंवा एकेक पसरून वाळवा.

जुनी तावदानं मी जिवापाड सांभाळली. बारा तावदानांमधून बाहेर पाहिलं की पलीकडच्या भिंतीची कड किंचित लहरते. वितळलेल्या कथलावर काच तरंगवून सपाट करण्याची पिल्किंग्टन यांची पद्धत १९५९ मध्ये जाहीर झाली. तशी तरंगती काच अगदी एकसारखी असते, त्याआधीच्या पद्धतींनी केलेल्या काचेत अशा लहरी राहतात. काच शतकानुशतकं खाली ओघळते म्हणून ती लहरते असं पुष्कळांना वाटतं, ते खरं नाही. ती लहर काच झाली त्या दिवसाचीच आहे. जुनं लुकण दगड झालेलं असतं, ते पटाशीने ठोकून काढायला गेले तेव्हा एक तावदान गेलं. बाकीच्यांना मी लुकणावर वाफ देऊन, थांबून थांबून, मऊ केलं. एकेका तावदानाला पाऊण तास लागला, पण एकही फुटलं नाही.

हा संच कुणी घेऊ नये, तेही सांगते. कुसूच कुजून गेलं असेल, झडप हातात धरल्यावर तिरकी होत असेल, किंवा पट्टीची निम्म्याहून जास्त जाडी गेली असेल, तर तिथे इपॉक्सी ओतून काम भागवू नका. तिथे नवं लाकूडच हवं, त्याच जातीचं, रेषा त्याच दिशेला धावणाऱ्या तुकड्याचं. कुजीचा खड्डा लहान आहे, सांधा घट्ट आहे, पाणी कुठून येतं ते कळलं आहे आणि लाकूड सुकायला दीड-दोन महिने द्यायची तयारी आहे, अशा माणसाला मी हा संच डोळे झाकून घ्यायला सांगेन. मालाला पाचपैकी पाच, माहितीपत्रकाला पाचपैकी एक.

चौथ्या झडपेचा कोपरा मी पुन्हा कोरला. या वेळी कूज कुसवापर्यंत गेली होती, म्हणून सुताराला बरोबर घेतलं. त्याने खालच्या पट्टीचा हातभर तुकडा तिरका कापून काढला, नव्या लाकडाचा तुकडा तसाच तिरका जोडला, कुसू नवं केलं. जोडाचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवला, म्हणजे पाणी जोडात न शिरता त्यावरून घसरून जाईल. इपॉक्सी फक्त त्या जोडाला चिकटवायला लागलं. झडप लटकवण्याआधी माळ्यावर आठ आठवडे होती. तिच्या आतल्या कडेला पेन्सिलने लिहिलेले आठ आकडे आहेत, शेवटचा १४. त्यावर रंग द्यायचा नाही असं बाबांनी सांगितलं आहे.